झाडाखालचे चौघे आणि अब्राहामचे पाहुणे: रेम्ब्रँटच्या एका रेखाटनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रँट याचे एक छोटे रेखाटन आहे. एका झाडाखाली पागोटी घातलेले चार दाढीवाले वृद्ध बसले आहेत. हे रेखाटन मुघल लघुचित्रावरून केलेले आहे आणि त्यातूनच पुढे बायबलमधल्या एका प्रसंगाचे एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले चित्र, तयार झाले. भारतीय वाचकाला या चित्राकडे जाण्याची एक वाट आधीपासूनच मोकळी आहे, तरी मराठीत त्याबद्दल फार थोडे लिहिले गेले आहे. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

हे रेखाटन नेमके कसे आहे?

आकाराने साधारण १९ बाय १२ सेंटीमीटर, म्हणजे वहीच्या पानाहूनही लहान. लेखणी आणि तपकिरी शाई, वर कुंचल्याने दिलेला पातळ शाईचा हात, आणि खाली जपानी कागद. काळ १६५६ च्या आसपासचा. इंग्रजी सूच्यांमध्ये त्याला कुठे 'चार मुल्ला' म्हटलेले दिसते, कुठे 'चार पौर्वात्य'. ही नावे नंतरच्या लोकांनी दिलेली आहेत. मूळ मुघल चित्रातली माणसे धर्मपंडित किंवा सूफी शेख आहेत.

चेहरे, दाढ्या आणि पागोट्यांच्या घड्या बारीक, जपून ओढलेल्या रेषांत आहेत. खाली अंगरख्यांकडे आलो की हात सैल होतो. जवळ छोटे पेले आहेत. कोणी कोणाला उपदेश करत नाही, कोणी कोणापुढे वाकलेला नाही. चार जाणती माणसे बोलत बसली आहेत, एवढेच.

यात बायबल कुठे आहे?

या कागदावर नाही. ते आहे त्याच रेम्ब्रँटने १६५६ मध्ये केलेल्या एचिंगमध्ये. 'देवदूतांचा पाहुणचार करणारा अब्राहाम' या नावाने ते ओळखले जाते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की नाते सांगावे लागत नाही. जमिनीवर बसलेली मंडळी, मधले खाणेपिणे, वृद्धांचा डौल, सगळे एका घरचे आहे.

तो प्रसंग काय आहे?

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात तो येतो. मम्रे येथील झाडांपाशी, भर उन्हाच्या वेळी अब्राहाम आपल्या तंबूच्या दाराशी बसलेला असतो. मान वर करून पाहतो तर समोर तीन पुरुष उभे. तो धावत सामोरा जातो, जमिनीपर्यंत लवून नमस्कार करतो, पाय धुवायला पाणी आणवतो, झाडाखाली विसावा घ्या म्हणून विनवतो. पत्नी साराला पीठ मळून भाकरी करायला सांगतो, कोवळे वासरू रांधायला लावतो, दही-दूध आणून पुढे ठेवतो आणि ते जेवत असताना स्वतः जवळ उभा राहतो.

हे पाहुणे साधे नसतात. त्यांच्यातून खुद्द देवच बोलत असतो. पुढच्या वर्षी साराला मुलगा होईल, असे तो सांगतो. अब्राहाम तेव्हा ९९ वर्षांचा आणि सारा नव्वदीची. तंबूच्या दाराआडून ऐकणारी सारा मनाशी हसते. ते हसू पाहुण्याच्या ध्यानात येते आणि "देवाला काही अशक्य आहे का?" असे तो विचारतो. सारा घाबरून नाही म्हणते, "मी हसले नाही." पुढे जो मुलगा होतो तो इसहाक.

एचिंगमध्ये काय काय दिसते?

एचिंगही लहानच आहे, साधारण १६ बाय १३ सेंटीमीटर. पण त्यात माणसे भरपूर आहेत आणि प्रत्येकाला काहीतरी काम आहे.

मुख्य पाहुणा लांब पांढऱ्या दाढीचा वृद्ध आहे. हा देव. पंख असलेले दोघे देवदूत त्याच्यासोबत आहेत. तिघेही जमिनीवर ऐसपैस बसले आहेत आणि खाणे त्यांच्या मध्ये मांडले आहे. अब्राहाम खालच्या कोपऱ्यात, हातात सुरई घेऊन, अंग चोरून वाकलेला. ज्याच्या नावाने ही गोष्ट सांगितली जाते त्या घरधन्याला चित्रातली सगळ्यात नमती जागा मिळाली आहे. मागे दाराच्या अंधारात साराचा चेहरा अर्धवट दिसतो.

आणि एक मुलगा आहे. त्याची आपल्याकडे पाठ आहे आणि भिंतीवरून पलीकडे तो धनुष्य रोखून उभा आहे. हा इश्माएल, दासी हागारेपासून झालेला अब्राहामचा थोरला मुलगा. १८ व्या अध्यायात त्याचे नाव येत नाही. तो पुढे तिरंदाज झाला, हे २१ व्या अध्यायात सांगितले आहे. ज्या घडीला धाकट्याच्या जन्माची वार्ता येते आहे, त्याच घडीला थोरला तिथेच, पाठमोरा, आपल्या खेळात गुंग आहे. लवकरच त्याला आणि त्याच्या आईला या घरातून बाहेर काढले जाणार आहे. हागार आणि इश्माएलला निरोप देणारा अब्राहाम रेम्ब्रँटने १६३७ मध्येच एचिंगमध्ये केला होता, त्यामुळे या मुलाचे पुढे काय होते ते त्याच्या मनात पक्के होते. माझ्या मते या चित्रातली सगळ्यात खोल जागा ही आहे. देव आणि देवदूत पाहून झाले की नजर या पोराच्या पाठीवर न्यावी.

मुघल चित्रातून रेम्ब्रँटने काय घेतले आणि काय सोडले?

पहिली गोष्ट म्हणजे बैठक. युरोपच्या ख्रिस्ती चित्रपरंपरेत हे तीन पाहुणे बहुधा मेजाभोवती बसतात. बायझंटाइन आणि रशियन परंपरेतही तिघांच्या मध्ये मेज असते. रेम्ब्रँटने मेज काढून टाकले आणि पाहुण्यांना जमिनीवर बसवले. आपल्याला यात विशेष वाटत नाही, कारण पंगत आपण पाहिलेली आहे. पण खुर्चीवर बसून जेवणाऱ्या ॲमस्टरडॅमच्या माणसाला असे बसलेले शरीर रेखाटणे सोपे नव्हते. पाय कुठे जातात, कापड मांडीवर कसे पडते, पाठ किती वाकते, हे त्याला कुठून तरी शिकावेच लागणार होते. ते तो या मुघल कागदावरून शिकला.

दुसरी गोष्ट वयाची प्रतिष्ठा. मुघल चित्रकाराने त्या शेखांना जे शांत वजन दिले होते, ते एचिंगमधल्या वृद्ध पाहुण्यात उतरले आहे.

सोडले तेही महत्त्वाचे. मुघल लघुचित्रातले झळझळीत रंग आणि नक्षी त्याने घेतली नाही. उलट तिथे नसलेली सावली त्याने आणली. मुघल पानावर उजेड सगळीकडे सारखा असतो, माणसाची सावली जमिनीवर पडत नाही. रेम्ब्रँट शाईचा पातळ हात देऊन माणसांना भुईवर टेकवतो. एचिंगपर्यंत येताना चौघांचे तिघे झाले, झाडाखालच्या निवांत जागेला घराचे दार आणि भिंत आली. बरोबरीच्या मंडळींच्या गप्पा होत्या, तिथे यजमान आणि पाहुणा असे नाते आले.

मग याला पूर्वरेखाटन म्हणायचे की नक्कल?

दोन्ही, आणि यातच त्याची गंमत आहे.

काटेकोर अर्थाने पूर्वरेखाटन म्हणजे जी रचना पुढे पत्र्यावर किंवा कॅनव्हासवर न्यायची, तिचाच आराखडा. रेम्ब्रँटची अशी रेखाटने आहेत, पण त्याच्या एकूण कामाच्या मानाने मोजकी. कॉर्नेलिस क्लास आन्स्लो या धर्मोपदेशकाचे १६४० चे लाल खडूतले रेखाटन ब्रिटिश म्युझियममध्येच आहे. त्यावरच्या रेषा टोकदार हत्याराने दाबून पत्र्यावर उतरवलेल्या आहेत. १६४१ चे एचिंग त्यावरूनच झाले. 'शंभर गिल्डरचे चित्र' (गिल्डर म्हणजे डच नाणे) या नावाने गाजलेल्या, ख्रिस्त रोग्यांना बरे करतो त्या एचिंगसाठी केलेला आजारी माणसांच्या घोळक्याचा अभ्यास बर्लिनमध्ये आहे. तिथे रचनेचा एक तुकडा आधी कागदावर सोडवून घेतलेला दिसतो.

झाडाखालचे चौघे या दोन्हींहून वेगळे आहेत. रेषेला रेष लावून काही पत्र्यावर गेलेले नाही. रेम्ब्रँट सहसा थेट पत्र्यावरच विचार करायचा. ओढायचा, खोडायचा, पुन्हा ओढायचा. इथे कागदावर झाली ती आराखड्याच्या आधीची तयारी. ती बसण्याची पद्धत आधी हाताच्या सवयीची झाली आणि मग मोकळ्या मनाने नवी रचना मांडली गेली. माझ्या दृष्टीने ही तयारी आन्स्लोच्या रेखाटनाइतकीच खरी आहे, किंबहुना अधिक दूरची मजल मारणारी आहे.

एवढा मोठा चित्रकार दुसऱ्याची चित्रे का उतरवत होता?

त्या काळी उतरवणे हेच शिक्षण होते आणि रेम्ब्रँट आयुष्यभर शिकत राहिला. लिओनार्दोचे 'शेवटचे भोजन' त्याने छापील चित्रावरून लाल खडूत उतरवले. ते रेखाटन आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. राफाएलने केलेले कास्तिल्योने या इटालियन दरबाऱ्याचे व्यक्तिचित्र १६३९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या लिलावात आले, तेव्हा त्याने तिथेच त्याचे झटपट रेखाटन केले आणि ते ३,५०० गिल्डरला गेल्याचेही त्यावर लिहून ठेवले. मांतेन्याचे एक रेखाटनही त्याने उतरवले होते.

मुघल पानांना त्याने याच रांगेत बसवले, हे ध्यानात घ्यायला हवे. वयाच्या पन्नाशीत, नाव झालेले असताना, तो अनामिक भारतीय चित्रकारांपुढे विद्यार्थ्यासारखा बसला. त्याच्या एरवीच्या सुसाट रेषेशी तुलना केली तर या रेखाटनांतला संयम चटकन जाणवतो. दूरदेशीची गंमत म्हणून कोणी इतक्या काळजीने पागोट्याची घडी ओढत नाही.

अशी किती रेखाटने आहेत?

इंग्रज चित्रकार आणि संग्राहक जोनाथन रिचर्डसन यांच्या संग्रहाचा १७४७ मध्ये लिलाव झाला, त्यात रेम्ब्रँटच्या भारतीय रेखाटनांची एक वही होती. नोंद २५ चित्रांची आहे. आज त्यांतली २३ माहीत आहेत आणि ती लंडन, ॲमस्टरडॅम, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस अशी विखुरली आहेत. जहांगीर, शाहजहान, दारा शुकोह, घोडेस्वार, दरबारी, धनुर्धर असे विषय त्यांत येतात. काहींवर लाल-पिवळ्याची हलकी छटा आहे. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमने त्यांतली बरीचशी मुघल चित्रांसह एकत्र मांडली होती.

मुघल चित्रे ॲमस्टरडॅमला पोचली कशी?

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून. रेम्ब्रँट १६०६ मध्ये लायडनला जन्मला आणि १६६९ मध्ये ॲमस्टरडॅमला वारला. त्याने नेदरलँड्स कधी सोडले नाही. पण ॲमस्टरडॅमच्या धक्क्यावर सुरतेचे कापड, मसाले, शंख, हत्यारे, चिनी भांडी सगळे उतरत होते आणि त्याला अशा वस्तू जमवण्याचा दांडगा नाद होता.

१६५६ च्या जुलैमध्ये कर्जबाजारी झाल्यावर त्याच्या घरातल्या चीजवस्तूंची यादी केली गेली. त्या यादीत ३६३ नोंदी आहेत. त्यांपैकी एका नोंदीत 'कुतूहलजनक लघुचित्रांनी भरलेल्या' एका वहीचा उल्लेख आहे आणि ही मुघल चित्रांची वही असावी, असे बरेच अभ्यासक मानतात. पुढच्या दोन वर्षांत सगळ्याचा लिलाव झाला. १६३९ मध्ये १३,००० गिल्डरला घेतलेले घरही १६५८ मध्ये विकले गेले. अब्राहामच्या एचिंगवर तारीख आहे ती त्याच १६५६ ची. स्वतःचे घर हातचे जात असताना हा माणूस पाहुणचाराचे चित्र पत्र्यावर कोरत होता. या दोन गोष्टींचा संबंध जोडावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तो विसरता येत नाही.

याचा महाराष्ट्राशी किंवा गोव्याशी काही संबंध आहे का?

महाराष्ट्राशी थेट नाही. ही चित्रकला उत्तरेतल्या मुघल दरबाराची. मुघल मुलखाशी डचांचा व्यवहार मुख्यतः सुरतेहून चाले. आपल्याकडे ज्यांना वलंदेज म्हणत, त्यांची वेंगुर्ल्यालाही वखार होती, पण तो भाग तेव्हा आदिलशाहीकडे होता.

गोव्याशी मात्र एक नाते आहे आणि ते उलट दिशेचे आहे. अकबराच्या बोलावण्यावरून जेझुइट पाद्री गोव्याहून निघाले आणि १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोचले. सोबत त्यांनी अँटवर्पला छापलेले अनेक भाषांतले बायबल नेले होते. त्यातली आणि इतर छापील चित्रे मुघल चित्रकारांनी मन लावून अभ्यासली. केसू दासासारख्यांनी ख्रिस्ती विषय आपल्या पद्धतीने रंगवले. म्हणजे आधी बायबलची चित्रे समुद्रमार्गे गोव्यात उतरून मुघल चित्रशाळेत गेली, आणि पुढे तीन पिढ्यांच्या आत मुघल पाने ॲमस्टरडॅमला जाऊन बायबलच्या चित्रात मिसळली. रेम्ब्रँटच्या रेखाटनाकडे या लांब देवघेवीतला एक कागद म्हणून पाहिले की ते अपवाद वाटेनासे होते.

मूळ मुघल चित्र आज कुठे आहे?

त्याच रचनेचे मुघल लघुचित्र व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात आहे. मारिया तेरेसा या सम्राज्ञीच्या काळात तिथे एक खोली मुघल चित्रांनी सजवली गेली. त्यासाठी पाने कापली, तुकडे जोडून नव्या रचना केल्या आणि भिंतीवरच्या वेलबुट्टीदार चौकटींत बसवल्या. खोली देखणी आहे, पण पानांचे हाल पाहून वाईट वाटते. त्याच चित्रांपुढे रेम्ब्रँट कसा बसला होता हे आठवले तर जास्तच.

तारीख कशी ठरली? रेखाटनावर सही आहे का?

सही आणि १६५६ साल दोन्ही आहेत ती एचिंगवर, रेखाटनावर नाहीत. एचिंग ज्यावरून सुचले ते रेखाटन त्याच्या नंतरचे असू शकत नाही, म्हणून ते १६५६ चे किंवा जरा आधीचे धरतात. बाकीच्या भारतीय रेखाटनांना शैलीवरून साधारण १६५६ ते १६६१ हा काळ दिला जातो.

जपानी कागद का?

हा कागद डच कंपनी जपानमधल्या देशिमाच्या वखारीतून आणत असे आणि रेम्ब्रँट १६४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो वापरू लागला. त्याचा रंग उबदार पिवळसर, पोत गुळगुळीत. शाई पटकन पसरत नाही, त्यामुळे केसासारखी रेष स्वच्छ उठते. घोटून गुळगुळीत केलेल्या मुघल कागदाच्या हा कागद युरोपीय कागदापेक्षा जवळचा आहे. मुघल रेषेचा नाजूकपणा पकडायचा तर हीच निवड योग्य होती.

एचिंग म्हणजे काय, थोडक्यात?

तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, त्यावर सुईने चित्र ओढतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. सुईने जिथे थर निघाला तिथे आम्ल तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून ओलसर कागदावर दाबाने छापतात. चित्र उलटे येते, डावे ते उजवे. सुईने थेट तांबे ओरखडले तर त्याला ड्रायपॉइंट म्हणतात आणि त्या रेषेला मखमली काळेपणा येतो. अब्राहामच्या चित्रात दोन्ही आहेत.

तो मूळ पत्रा शिल्लक आहे का?

आहे, आणि ही मोठी भाग्याची गोष्ट. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये तो आहे. पाठीमागच्या बाजूला अँटवर्पच्या पीटर गाइसेल्स या चित्रकाराने तैलरंगात निसर्गचित्र रंगवले आहे. तांबे महाग असे आणि त्यावर रंगही चांगला बसे. एका बाजूला देव आणि अब्राहाम, दुसऱ्या बाजूला परक्या हाताचा निसर्ग.

कॅल्व्हिनपंथी (प्रॉटेस्टंट) देशात देवाचे चित्र चालत असे?

चर्चमध्ये नाही. तिथल्या भिंती पांढऱ्या होत्या. घरात मात्र बायबलमधल्या प्रसंगांची चित्रे आणि छापील प्रती लोक आवडीने ठेवत. संग्राहक ती वह्यांत जपत, मित्रांसोबत बसून पाहत. इतका लहान आकार त्या हातात धरून पाहण्यासाठीच आहे.

ही चित्रे कुठे पाहता येतील?

रेखाटन ब्रिटिश म्युझियममध्ये कायम मांडलेले नसते. कागद आणि शाई प्रकाशाने फिकी पडते, म्हणून अशी कामे मंद उजेडात, ठरावीक काळच बाहेर काढतात. आधी वेळ ठरवली तर तिथल्या अभ्यासिकेत मागवून पाहता येते. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर छायाचित्र आहे. एचिंगच्या प्रती अनेक ठिकाणी आहेत. रेम्ब्रँटच्या जुन्या घरात आता संग्रहालय आहे आणि त्याची बहुतेक सगळी एचिंग्ज तिथे आहेत. ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम आपल्या संकेतस्थळावरून मोठ्या आकाराची छायाचित्रे विनामूल्य उतरवू देते.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले लघुचित्रांचे दालन आधी पाहा. अकबरकालीन 'अन्वार-इ-सुहैली'ची पाने त्या संग्रहात आहेत. तिथे एखाद्या बसलेल्या माणसापाशी थांबा, त्याचा गुडघा, अंगरख्याची कड आणि हाताची बोटे नीट पाहा, आणि मग फोनवर रेम्ब्रँटचे रेखाटन मोठे करून तेच तीन तपशील शोधा.